दोरीमागचे बाकडे

मी एक जुने, ओकच्या लाकडाचे बाकडे आहे. मित्रांनो, म्हाताऱ्याने गोडच बोलावे अशी तुमची अपेक्षा असेल, तर आधीच सांगते, मी संतापलेले आहे.

इंग्लंडात, हॅम्पशायरमध्ये एका बिशपच्या मध्ययुगीन राजवाड्यात माझा जन्म झाला. सुताराने मला मुद्दाम बुटके आणि रुंद केले, कारण माझी जागा दरबारात नव्हती, मुदपाकखान्याच्या दाराशी होती. उरलेल्या पावासाठी लांबून चालत येणारे गोरगरीब माझ्यावर टेकत. म्हातारे, लंगडे, पोटुशा बाया. माझे कौतुक कुणी केले नाही, पण बसताना प्रत्येकाच्या तोंडून 'हुश्श' निघे. मला तेवढे पुरे होते. माझ्या पाठीवरचे खळगे त्यांच्याच बसण्याने पडले आहेत.

पुढे बिशप गेले, वाडा ओस पडला, आणि कितीतरी काळाने तिकीट काढून माणसे येऊ लागली. मला पॉलिश झाले. समोर लाल दोरी आली आणि पाटी लागली. 'येथे दमलेले गोरगरीब बसत. कृपया बसू नये.' एकाच पाटीवर दोन्ही वाक्ये! लिहिणाऱ्याला लाज कशी वाटली नाही?

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात बेसिंगस्टोकहून एक मराठी कुटुंब आले. डॉक्टर पद्माकर, त्यांची बायको अलका आणि संगमनेरहून आलेली त्यांची आई, द्रौपदीबाई. नऊवारीवर कार्डिगन, पायांत ट्रेनर्स बूट आणि सुजलेले गुडघे. डॉक्टरांनी सकाळपासून तिला जिने चढवून बेजार केले होते.

"आई, आता फक्त टॉवर राहिलाय. तिकिटात इन्क्लूडेड आहे."

"पदू, पाऊल उचलत नाही रे आता."

तेवढ्यात तिला मी दिसले. तिने दोरी उचलली. मी श्वास रोखला. या बाई, या!

"मॅडम! नो!" रखवालदार ओरडला. सगळे वळून पाहू लागले. ती अर्धवट वाकलेली तशीच थिजली.

डॉक्टर लालबुंद झाले. "आई, काय करतेस? म्युझियम पीस आहे ते. लोक बघतायत!"

"अरे, बाकडं दिसलं म्हणून बसायला निघाले. चोरी का केली?"

रखवालदाराचा मला फारसा राग नाही, त्याची ती नोकरी होती. पण ज्या आईने वाढवले, तिची चारचौघांत लाज वाटणाऱ्या त्या लेकाला माझा पाय काढून हाणावा असे वाटले.

द्रौपदीबाई सरळ माझ्या समोरच फरशीवर बसली आणि तिने पाय पसरले. अलकाही तिच्याशेजारी बसली.

"अहो, हॉस्पिटलमध्ये पेशंटला आधी बसायला सांगता ना?" ती म्हणाली. "मग आईंनीच काय घोडं मारलंय?"

डॉक्टरांनी मान वळवली, तर समोर माझी पाटी. त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग ते खाली बसले आणि आईच्या पायांतले बूट सोडू लागले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, अवश्य जपा. पण ज्या कामासाठी त्या घडल्या, तेच काढून घेऊ नका. बसण्याने मी मोडेन? मोडू द्या. त्या दिवशी किती पिढ्यांनंतर मी पुन्हा 'हुश्श' ऐकले, आणि तेही त्या थंडगार फरशीच्या वाट्याला गेले.