कडुनिंबाची परीक्षा

त्या सकाळी श्रुतिकाची माय, अंजना, उठली ती गोधडीवरच बसून राहिली. पोटात कळा येत होत्या, पापण्या जड झाल्या होत्या. श्रुतिकानं पाणी दिलं. ते मायच्या ओठांच्या कडेनं ओघळलं. उकाड्यामुळे माय जमिनीवर निजली होती. करैत साप, म्हणजे मण्यार, झोपेत चावलेला पुष्कळदा कळतही नाही, हे श्रुतिकानं दवाखान्याच्या भिंतीवर वाचलं होतं.

"आबाजी, मायले बालाघाटच्या दवाखान्यात नेऊ. साप चावला असन."

आजोबा डोमाजींनी सुनेचे हातपाय न्याहाळले. कुठेच खूण नव्हती. मग त्यांनी अंगणातल्या कडुनिंबाचा पाला तिला चावायला दिला. विष चढलेल्याला निंब कडू लागत नाही, असं हट्टा गावात सगळेच मानत.

"कडू लागते का?"

"हौ," माय जड जिभेनं म्हणाली.

"झालं! पोट बिघडलं. शाळेत दर्शनशास्त्र घेतलं तवापासून या पोरीले हर बात में शक!"

तत्त्वज्ञानाच्या त्या वर्गात शंका काढताना श्रुतिकाला मजा यायची. आता आपण चुकलो तर गावभर हसं. गप्प बसलो तर माय जाईल.

"आबाजी, कडू लागूनही कोनी मेलं असन तं? एक जरी तसं असन, तं तुमची परीक्षा खोटी."

"असं कोनी नाही..." डोमाजी मध्येच थांबले. त्यांची लेक गीता पोट दुखतं म्हणतच गेली होती, अशाच एका सकाळी. "गीतानं थुकला होता पाला," ते पुटपुटले. "कडू लागते म्हने."

आणि तेच धावत जाऊन शेजारच्या दुलीचंदची ऑटो घेऊन आले.

वाटभर मायचं डोकं श्रुतिकाच्या खांद्यावर होतं. आपला तर्क खोटा निघावा, नुसतं पोटच बिघडलेलं असावं, असं ती मनाशी घोकत होती.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, "आँखें खोलो." मायच्या भुवया वर गेल्या, कपाळावर आठ्या पडल्या. पापण्या हलल्या नाहीत.

"करैत," डॉक्टर नर्सला म्हणाल्या आणि खाट आत ढकलली गेली. दार लागलं.

डोमाजींनी नातीचा हात घट्ट धरला. "जीव वाचन ना व तुह्या मायचा? तू सांग."

"मले नाही मालूम, आबाजी," श्रुतिका म्हणाली.