फाटकाबाहेरची तब्येत

मालनबाईंच्या तोंडून "मला बरं नाही" एवढं वदवून घेणं, हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम ठरलं. बंगळूरभर मलेरियाची गोळी घेणाऱ्या पेशंटांना आमच्या जयनगरच्या ऑफिसातला कॉम्प्युटर रोज फोन करतो. बरं असेल तर एक दाबा, त्रास होत असेल तर दोन. कुणी दोन दाबला की मी, म्हणजे नर्स शिवलीला, स्वतः फोन लावते. मी निपाणीची, त्यामुळे मराठी पेशंट आपोआप माझ्या गळ्यात.

येलहंकाच्या मालनबाई मंगळूरला लेकीकडे गेल्या आणि येताना मलेरिया घेऊन आल्या. गोळी सुरू झाल्यापासून त्या रोज न चुकता एक दाबायच्या. सगळं इतकं सरळ चाललं की मला शंका येते. ही गोळी गुणाची, ताप उलटू देत नाही. पण एखाद्याच्या रक्ताला ती सोसत नाही. लघवी काळ्या चहासारखी होते, अंगातलं रक्त झपाट्यानं कमी होतं. तेव्हा गोळी ताबडतोब थांबवावी लागते, नाहीतर जिवावर बेततं. म्हणून मी दोनाची वाट न बघता फोन लावला.

"कशा आहात?"

"उत्तम."

एवढा एक शब्द बोलून त्यांना धाप लागली.

"चक्कर? मळमळ?"

"छे."

"लघवीचा रंग कसा आहे?"

"शिव शिव. असलं घरात विचारतात होय, अक्का?" वयानं मी त्यांची नात शोभेन, पण बंगळुरात फोनवरची प्रत्येक बाई अक्काच.

"मग कुठं विचारू?"

"घरात वाईट शब्द काढायचा नाही. वास्तू तथास्तु म्हणते."

घ्या. त्यात आमचा कॉम्प्युटर फोन करायचा तो नेमका दिवेलागणीला. देवापुढं दिवा लावायच्या घडीला त्रासाचा दोन कोण दाबणार? आणि ही वेळ आम्ही शहाण्यांनी मीटिंग घेऊन ठरवलेली. माझं डोकं फिरलं, पण वास्तूपुढं कुणाचं चालत नाही हे मला पक्कं ठाऊक. माझ्या आईनं तापानं फणफणलेली असतानाही "जरा कोमट वाटतंय" म्हणत संसार केलाय.

"मालनबाई, चप्पल घाला आणि फाटकाबाहेर या."

फाटकाबाहेर वास्तूचे कान पोचत नाहीत, हे त्यांनाही पटलं.

"सरी, येते," त्या म्हणाल्या. दार वाजलं, फाटक करकरलं, एक स्कूटर गेली. "हां, आता विचार."

विचारायची गरजच पडली नाही. लघवी परवापासून काळी, डोळे पिवळे, उभं राहिलं की अंधारी. त्याच दमात सून रम्याच्या सांबाराला मीठ नसतं आणि नवरा, अप्पासाहेब, टीव्ही फार मोठ्यानं लावतात, हेही आलं. मला हसू फुटत होतं, पण हसायची वेळ नव्हती.

"बाई, ती गोळी आत्तापासून बंद. तिथंच खाली बसा आणि रम्याला हाक मारा."

"तिला कशाला? स्वल्प चक्कर तर आहे."

"हाक मारा."

रम्या गुणाची पोर. मीठ-सांबार सगळं ऐकलं असणार, तरी तिनं तडक सासूला रिक्षात घातलं. हॉस्पिटलात बघतात तर रक्त निम्म्यावर आलेलं, बाटल्या चढवाव्या लागल्या. आणखी गोळ्या पोटात गेल्या असत्या तर हाती काही राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. मी बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले. मग तोंड धुतलं आणि साहेबांशी भांडून कॉम्प्युटरची वेळ बदलून घेतली.

मालनबाई घरी आल्यावर, गोळी बंद असली तरी, कॉम्प्युटरनं त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी एक दाबला. माझा कुठला विश्वास बसायला?

"कशा आहात?"

"उत्तम."

"मालनबाई, आहात कुठं?"

"ठाऊक होतं तू विचारणार. तुझा नंबर बघितला तशी चप्पल घालून बाहेर आले." धाप नव्हती, आवाज खणखणीत होता. "फाटकाबाहेर उभी राहून सांगते, अक्का. मी बरी आहे."