वामनकाका, कूलर आणि मी

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. भंगारवाल्याची हाळी ऐकली की माझा पंखा अजून जोरात फिरायला लागतो, पण मी भंगार नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानात इकडचा भाग, तिकडची तार असं जमवून मला उभं केलं. पहिली नोकरी लागली कामठी रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात. काय थाट होता माझा! लग्नपत्रिका, अर्ज, बायोडाटा, सगळं माझ्याच पडद्यावर व्हायचं. मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, "बुलेट आहे बुलेट!" मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, दुकान बसलं, आणि जाता जाता मालकाने मला उत्तर नागपुरातल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेला देऊन टाकलं.

तिथे आधी माझं कौतुक झालं, मग माझ्यावर धूळ बसली. लाइट गेली तर मला धरून ठेवणारा बॅटरीचा डबा होता, तो मेला आणि कोणी बदलला नाही. तेव्हापासून वीज जरा अडखळली की मी आडवा. पण हे सांगणार कोणाला? स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा प्रशिक तर सरळ म्हणायचा, "काका, हा डब्बा कायले ठेवला जी? देऊन टाका भंगारात." असा राग यायचा म्हणून सांगू!

त्याला गप्प करायचे ते आमचे वामनकाका. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून अभ्यासिका तेच सांभाळतात. त्यांचा जीव दोन वस्तूंवर. एक कूलर आणि दुसरा मी. कूलरची खस, म्हणजे ती वाळ्याच्या गवताची जाळी, तेच बदलायचे, पाणी तेच भरायचे, त्याच्या बटणाला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही. आणि माझ्यावरच्या प्रेमाचं तर विचारूच नका. मे महिना लागला की "बिचारा गरम होऊन राहिला" म्हणत ते मला उचलून थेट कूलरच्या तोंडासमोर बसवायचे. एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले! उन्हात जाताना आपण डोक्याला दुपट्टा बांधतो ना, तसा ओला दुपट्टा माझ्या डोक्यावर टाकायचे. माणसाला बरं वाटतं ते यंत्रालाही बरं वाटत असणार, अशी त्यांची समजूत. माझ्या पोटात ओल धरायची. शिंकता आलं असतं तर मी अख्खी अभ्यासिका हादरवली असती.

अशात मेघा आली. वस्तीतलीच पोर, कॉम्प्युटरचं शिकलेली. शहराबाहेरच्या मिहान उद्योगनगरीतल्या कंपन्यांमध्ये ती मुलाखती देऊन आली होती. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, "अनुभव काय?" आणि अनुभव द्यायला मात्र कोणी तयार नाही. आता एका कंपनीने सोमवारी दुपारी मोबाईलच्या व्हिडिओ कॉलवर मुलाखत ठेवली होती. अट अशी की, जे मशीन हाताशी असेल त्यावर आमच्या डोळ्यांदेखत डेटाबेस सर्व्हर बसवून दाखवा. ज्या मैत्रिणीचा लॅपटॉप मिळणार होता, ती ऐनवेळी रामटेकला निघून गेली. राहिलो मी.

डेटाबेस सर्व्हर म्हणजे काय, हे मेघाने काकांना सांगितलं तेव्हा मलाही कळलं. माहिती नीट लावून ठेवायची आणि एकाच वेळी दहा जणांनी विचारलं तरी दहाही जणांना बरोबर उत्तर द्यायचं, असं काम करणारं सॉफ्टवेअर.

"मंजे आपल्या कपाटातलं कोणतं पुस्तक कुठी आहे, ते पोरं आपापल्या मोबाईलवरून याले विचारतीन?" काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"हव काका. पण आधी हे याच्यात बसलं पाहिजे."

माझी तर छाती फुगली. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला काम सांगत होतं!

शनिवारी सराव सुरू झाला. मेघाने दुपट्टा काढला, माझी धूळ झटकली. ते सॉफ्टवेअर माझ्यात कुठे बसवायचं ते निवडलं, मुख्य पासवर्ड ठरवला. मीही जीव तोडून कामाला लागलो. इतक्यात काकांनी टाकीत पाणी भरून कूलर सुरू केला, आणि फट्! माझ्या डोळ्यांपुढे अंधार. मेघाने पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळाने काकांनी कूलर बंद करून पुन्हा पाणी भरलं, पुन्हा सुरू केला, पुन्हा अंधार. कूलरचा आणि माझा बोर्ड एकच होता, मित्रांनो! सुरू होताना तो असा घोट घ्यायचा की मला थेंब उरायचा नाही. मी मनातल्या मनात ओरडत होतो, कूलर, कूलर! पण घूं घूं करण्यापलीकडे मला येतं काय?

"हार्ड डिस्कच गेली वाटते," मेघा म्हणाली. मग डोकं टेबलावर टेकून हळूच म्हणाली, "काका, हेही गेलं ना, तर मी नाही देत आता मुलाखती. लोकाइले तोंड दाखवायची लाज वाटते." फार वाईट वाटलं मला. काकांनी तिला पाणी दिलं आणि त्यांना सुचला तो उपाय केला. मला कूलरच्या आणखी जवळ सरकवलं. घ्या!

सोमवार उजाडला. आवाज नको म्हणून मेघाने कूलर बंद ठेवायला लावला होता. बाहेर डांबर वितळत होतं, आत पोरं वह्यांनी वारा घेत बसली होती. मेघाने पुस्तकांच्या थप्पीला मोबाईल टेकवला, त्याचा डोळा माझ्या पडद्याकडे. पलीकडून मुलाखत घेणाऱ्या गोपिका मॅडम म्हणाल्या, "करा सुरू. घाई नको."

सगळं सुरळीत चाललं होतं. पण मेघाच्या कपाळावरचा घाम थेट कीबोर्डवर टपकत होता, आणि ते वामनकाकांना बघवेना. ते उठले. पाय न वाजवता भिंतीशी गेले. मी ओळखलं! काका, नको हो, हात जोडतो! पण मला हात कुठले? त्यांनी हळूच बटण दाबलं. ट्यूबलाइट मंद झाली आणि मी आडवा.

नंतरचं मला काही वेळाने कळलं. मेघा पडद्याकडे बघतच नव्हती म्हणे. ती ट्यूबलाइटकडे बघत होती.

"काका, कूलर बंद करा!" ती एकदम ओरडली. "डिस्क चांगली आहे याची! तुमचा कूलर याची लाइट पिऊन टाकते!"

काकांचा चेहरा एवढासा झाला. "मीच मारलं काय वं याले? मी तर थंडं व्हावं मनून..." त्यांनी बटण बंद केलं, पुढे जाऊन कूलरचा प्लगच उपटला आणि पोरांना म्हणाले, "कोणी हात लावजो नका आता. मराल नाही घडीभर उकडलं तर."

प्रशिकसुद्धा शर्टाने घाम पुसत तसाच बसून राहिला.

मला पुन्हा जाग आली तेव्हा मेघा मॅडमना शांतपणे सांगत होती की काम अर्धवट तुटलंय, आता आधीचा उरलेला पसारा साफ करावा लागेल, नाहीतर नवीन बसणार नाही. तिने एकेक अर्धी फाइल शोधून काढून टाकली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आणि मला मागून मंद, कोरडा वारा लागला. वामनकाका पुठ्ठा घेऊन उभे होते. स्वतः घामाने निथळत होते आणि वारा मला घालत होते. इतकी वर्षं ओल सोसली ना, सगळी तिथेच विसरलो मी.

"मेघा, पडद्यासमोर ते काय हलतंय मधूनमधून?" मॅडमनी विचारलं.

"आमचे काका आहेत, मॅडम. कूलर बंद केला ना, म्हणून कॉम्प्युटरला वारा घालून राहिले."

पलीकडून हसू आलं. "काकांना म्हणावं, झालं की पाणी प्या."

आणि झालं, मित्रांनो! सर्व्हर बसला, सुरू झाला. मेघाने त्यात थोडी पुस्तकं भरली आणि प्रशिकला खूण केली. त्याने आपल्या मोबाईलवर इतिहासाचं एक नाव टाकलं. मी उत्तर दिलं, दुसरं कपाट, वरचा कप्पा. तो उठला, कपाट उघडलं आणि पुस्तक वर धरून ओरडला, "आहे गा! डब्ब्यानं बरोबर सांगितलं!" डब्बा म्हणाला, पण त्या दिवशी मला राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला. मेघा आता रोज सकाळी मिहानच्या बसने जाते. पहिल्याच सुट्टीला तिने इलेक्ट्रिशियन आणून कूलरची लाइन वेगळी करून दिली आणि मला नवा बॅटरीचा डबा लावला. कपाटातली उरलेली पुस्तकं पोरं रोज माझ्यात भरताहेत, आणि संध्याकाळी मला श्वास घ्यायला फुरसत नसते.

मित्रांनो, वस्तूंवर जीव लावा, जरूर लावा. पण ज्याच्यावर जीव लावाल, त्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हेही एकदा बघा. आम्हाला सांगता येत नाही हो.

वामनकाका बघतात. आता कूलर चालला काय, न चालला काय, मला काही होत नाही, हे मेघाने त्यांना दहादा सांगितलंय. तरी रोज दुपारी ते बटणावर बोट ठेवून थांबतात, माझ्याकडे वळतात आणि विचारतात, "चालू करू काय गा?"

माझा हिरवा दिवा लुकलुकतो. तो बघून मगच ते बटण दाबतात.