ठशातली नदी

“मेण अजून गार आहे. तोंडाजवळ धर जरा,” बाबा म्हणाले.

मी मेणाला तोंडाची ऊब दिली, ते ठशात दाबलं. आमच्या अपामेइआ नगराची सणाची काशाची नाणी या ठशावर पडायची होती. एका बाजूला सम्राटाचं डोकं, दुसरीकडे आमचा मायांद्रोस, नदीचा देव: दाढीवाला, आडवा टेकलेला, कोपराखाली कलंडलेला घडा.

ठशात सगळं उलटं कोरावं, तेव्हा नाण्यावर सुलटं उमटतं. तीस वर्षं बाबांचं ते कधी चुकलं नव्हतं. पण दोन हिवाळ्यांपासून डोळ्यांवर पडदा आला होता. नखानं चाचपत ते कोरत. हे फक्त मला ठाऊक. बाहेर कळतं, तर काम शेजारच्या लाओदिकेआ नगरातल्या कारागिराकडे गेलं असतं.

मेण सुटलं. घडा उजव्या कोपराखाली आला होता. डावीकडे हवा होता.

“कसा दिसतो म्हातारा?”

“छान,” मी म्हटलं.

तेवढ्यात नगराचा कारभारी दियोतिमस आत आला. त्यानं मेण उचललं, बाबांना म्हणाला, “पापिआस, देवानं कूस बदलली की काय? आमच्या आजोबांपासून तो डावीकडे टेकतो.”

“मी कोरलंय,” मी घाईनं म्हणाले. “बाबांनी नाही.”

बाबांनी ठसा मांडीवर घेतला. नख हळूहळू फिरलं, घड्यापाशी थांबलं.

“खोटं बोलते पोरगी. हात माझाच. डोळे गेलेत माझे, कारभारी. पण गेल्या सालच्या नाण्यावर तुमचं नाव हिनंच कोरलं होतं. आवडलं होतं तुम्हाला.”

मग त्यांनी कानस घेतली. दाढी, गुडघा, घडा, सगळं घासून सपाट केलं. कोरणी माझ्या हातात दिली.

“आता खरंच कोर. मी चाचपतो.”

कारभारी दाराशी रेंगाळला. “पाच दिवस. नाहीतर लाओदिकेआला माणूस धाडतो.”

ते पाच दिवस बाबांचं नख माझ्या मागे मागे चाललं.

“ही दाढी, का शेळीची शेपटी?”

“तुमच्यासारखीच काढलीय.”

“मग बरोबर आहे. पण पाणी मोकळं सोड, पोरी. दोर नको वळूस. असं.” आणि माझ्या तळहातावर बोटानं नदी काढून दाखवली, वळत, थबकत, पुन्हा वळत.

सणाच्या सकाळी मासळीवालीनं बाबांच्या हातावर एक नवं नाणं ठेवलं. रस्त्यातच उभे राहून त्यांनी नख फिरवलं. कपाळ, डावं कोपर, घडा. घड्याच्या तोंडाशी, सांडत्या पाण्यावर, बोट बराच वेळ थांबलं.

 मग बोट अंगरख्याला पुसून कोरडं केलं.