अंगठ्याखालचा सूर

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर संगणक, मागे भिंतभर पडदा, आणि कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यावर शालीत झाकलेला हात ठेवून बसलेला बाबा. मेलेल्या माणसाची खूण म्हणे पडद्यावर उमटायची. तीही अशी, जी एकाही बटणावर छापलेली नाही!

"शोधा, शोधा!" बाबा गरजला. "आहे का कुठे इस्पिक? नाही ना? मग आलं कुठून? जिथे बटणं लागत नाहीत, तिथून!"

कुणाच्या तरी पत्तेबाज आजोबांचं इस्पिक पडद्यावर झळकत होतं. आजोबांचा नातू, चांगला मिशीवाला माणूस, ढसाढसा रडत होता.

तिसऱ्या रांगेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई बसल्या होत्या. शेजारी वहिनी. वहिनींच्या छातीत गाठ होती आणि डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया करायला सांगितलं होतं. पण गेलेल्या नवऱ्याने बाबाच्या पडद्यावरून 'नको' म्हटलं होतं. वहिनी दर बैठकीला ते 'नको' ऐकून समाधानाने घरी यायच्या. गाठ वाढत होती. आज बाई हट्टाने सोबत आल्या होत्या.

वहिनींचा नंबर लागला. नवरा गाणारा होता, हे पहिल्याच दिवशी दारातल्या गोडबोल्या मुलीने काढून घेतलं होतं.

"तेरा दाबा, माई. तुमच्याच हातानं. माझा हात फक्त आशीर्वादाला."

वहिनींनी उजवीकडच्या आकड्यांतला एक दाबला, तीन दाबला. पडदा कोराच. "ये!" म्हणत बाबाने डावा हात उचलला आणि पडद्यावर सूर उमटला: ♪

"गातोय तो! म्हणतोय, शस्त्र लावून घेऊ नकोस!"

वहिनींचा नवरा म्हणजे बाईंचा सख्खा भाऊ. दादा. क्षणभर त्यांनाही खरं वाटलं. मग डोकं चालायला लागलं. तेरा दाबलं, तर पडद्यावर तेरा का नाही आलं? आणि सूर आला तो हात उचलल्यावर का? प्रश्नपत्रिकेत तापमानापुढे अंशाचं चिन्ह टाकताना आपण वेगळं काय करतो?

त्या तरातरा वर गेल्या. "बाबा, दोन्ही हात वर. चोर करतात तसे. वहिनी, तू दाब पुन्हा."

पडद्यावर आलं 13. कोरडं, मुकं तेरा.

"अविश्वासानं आत्मा निघून गेला!"

"आत्मा नाही गेला, अंगठा गेला." बाईंनी शाल ओढून टाकली. "हे ऑल्टचं बटण. संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून प्रत्येक चिन्हाला आकडा दिलेला असतो. चिन्हं हजारो, बटणं शंभरएक. मग ही सोय केलीय. ऑल्ट दाबून धरा, आकडा टाका, ऑल्ट सोडा. सहा म्हणजे इस्पिक, तीन म्हणजे बदाम, तेरा म्हणजे सूर. या, कुणीही करा!"

"बाई, तुमचं काय जातंय?" मागून कुणीतरी ओरडलं. "बरं वाटत होतं ना आम्हाला!"

"माझी वहिनी जातेय!"

मिशीवाला नातू वर आला. त्याने ऑल्ट धरलं, सहा दाबलं, सोडलं. इस्पिक आलं. तो त्याच्याकडे बघत राहिला आणि खाली मान घालून निघून गेला. तोवर बाबा मागच्या दाराने पसार झाला होता.

वहिनी तिथेच उभ्या होत्या. "वन्सं, म्हणजे ते कधी आलेच नव्हते?"

"नाही गं."

"मग मला 'नको' कोण म्हणत होतं?"

बाईंनी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं, फोटो उजेडावर धरला. मग एवढंच विचारलं, "आधी का नाही आलात?"

खाटेवर पडल्या पडल्या वहिनी म्हणाल्या, "मी सारखी माझ्याच बोटाकडे बघत होते हो. त्याच्या हाताकडे बघायला हवं होतं."

वाचणाऱ्यांनो, तुम्ही बघा. चमत्कार दाखवणाऱ्याला भर सभेत हात वर करायला सांगा. शंका घेतली म्हणून गेलेलं माणूस रुसत नाही. शंका घेतली नाही, तर मात्र असलेलं माणूस जातं.