ओवाळणीतली नळी

भाऊबीजेला रघूने ताटात चोळीचा खण टाकला नाही. शिशाची एक चपटी नळी ठेवली. वर पांढरा दोरा बांधलेला. मुंबईत तो दातांच्या एका डॉक्टरकडे कंपाउंडर होता.

"आक्का, हे दातांचं मलम. ह्याने हिरड्या बऱ्या होतात का, ते डॉक्टरांना बघायचंय. वाडीतल्या वीस जणींना देतोय. पण शिमग्यापर्यंत मिशरी बंद हां!"

चिमाने नळी कपाळाला लावली. दोन वर्षं तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, पुढचा दात हलायला लागला होता. आणि राजापूरच्या वाटेवर कुठेही हळद लागली की गाणं धरायला चिमाच लागे. दात पडला तर शब्द फटीतून वाऱ्यावर जायचे; मग कोण बोलावणार? मिशरीवाचून डोकं भणभणलं, तरी तिने डबी चुलीत टाकली.

शेजारच्या गोदाच्या नळीला तांबडा दोरा होता. महिन्याभरात गोदा भाकरीची करपलेली कडसुद्धा चावायला लागली.

"माजी घे गो थोडी. तुज्या नळीत काय दम दिसत नाय."

"भावाची ओवाळणी बदलतात काय गो? जीभ आवर!"

चिमा सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर मलमाचं बोट फिरवी. चूळ लाल आली की परड्यातल्या केळीच्या बुडात टाकी, कुणी बघू नये म्हणून. रघूला कमीपणा नको.

शिमग्याला रघू वही घेऊन आला. चिमाच्या ओटीवर जमलेल्या एकेकीच्या हिरडीला कापूस दाबून बघू लागला. गोदाचा कापूस पांढराच राहिला. चिमाचा लालभडक.

"बराबर! अगदी हवं तसं!" रघूच्या तोंडून गेलं.

"रगत आलं नि हसतोस काय रे?"

रघूची नजर वहीत गेली. "पांढऱ्या दोऱ्यात औषध नाय, आक्का. नुसती खडूची पूड नि पुदिना. दहा जणींना औषध, दहा जणींना असं. नायतर फरक कळणार कसा?"

"ताटात ठेवलंस तेव्हा ठाव होतं तुला?"

"होतं. बाकीच्या मधेच कंटाळतील, चोरून मिशरी लावतील. तू नाय सोडणार, हा भरवसा होता. तू आपली म्हणून..."

"म्हंजे परकी असते तर औषध मिळालं असतं."

रघूने घाईघाईने पिशवीतून तांबड्या दोऱ्याची नळी काढली. चिमाने हात पुढे केला नाही.

"बरं, खालची हिरडी राहिली. तेवढी लिहू दे."

चिमाने ओठ मिटले. कापूस धरून रघू ताटकळला.

मग ती उठली. मुंबईहून आलेला भाऊ उपाशी जायला नको म्हणून पान मांडलं, भात वाढला, वर सार ओतलं. दरवेळी ती समोर बसून त्याला आग्रह करी.

"गोदा, त्याला काय हवं-नको ते बघ गो," म्हणाली, आणि मागच्या दाराने बाहेर गेली.