जड बुडाचा पितळी पेन

मित्रांनो, मी एक जुना पितळी पेन आहे, आणि मी जड आहे. ही दुसरी गोष्ट मी आधीच सांगून टाकतो, कारण मला हातात घेणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तीच बोलतो, आणि तीही अशा सुरात, जणू मला ती ठाऊकच नव्हती. जड आहे. बरं मग?

माझा जन्म एका छोट्या वर्कशॉपमधल्या लेथवर, म्हणजे धातू गरगर फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, झाला. वर्कशॉप दोघी बहिणींचं. थोरली मशिन चालवायची. धाकटी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून फोन घ्यायची, गिऱ्हाइकांशी भांडायची आणि थोरलीला जेवायची आठवण करायची. दोघी इतर कारखान्यांसाठी बोल्ट आणि बुश करून द्यायच्या. बुश म्हणजे यंत्राच्या पोटात बसणारी छोटीशी नळी. एकदा आत गेली की ती कुणाला दिसत नाही, आणि ती कुणी केली हे तर कुणी विचारतच नाही. थोरलीला हेच सलायचं.

"आपल्या हातचं एक तरी काम लोकांना दिसू दे," ती म्हणायची. "सगळा जन्म काय दुसऱ्यांच्या मशिनीत लपून काढायचा?"

"लपून नाही, बसून," धाकटी म्हणायची. "ते बुश नीट बसतात म्हणून आपण जेवतो."

तरी थोरलीनं ऐकलं नाही. तिनं पितळेची एक भरीव सळई चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, आवळली आणि तिच्यातून मला काढलं. कापायचं टूल अंगाला लागलं तेव्हा सोनेरी कीस कुरळ्या केसांसारखा सगळीकडे उडाला. दुखलं का, असं विचाराल तर दुखलं. पण मी ओरडलो नाही. ओरडायचं काम मशिन करत होतं.

बोटं धरतात तिथं तिनं बारीक जाळी पाडली, म्हणजे तेलकट हातातूनही मी निसटू नये. मधला जोड असा बेमालूम बसवला की नखानं चाचपलं तरी सापडू नये. आणि बूड? बूड तिनं मुद्दाम भरीव ठेवलं, खाली सपाट. कारण लेथ चालू झाला की सगळं बाक थरथरतं आणि साधा पेन गडगडत जाऊन किसात पडतो. मी मात्र बुडावर ताठ उभा राहायचो. थोरली न बघता हात लांब करायची, मला उचलायची, तळहातावर चिठ्ठी धरून 'बुश, पितळ, शनिवारी' असं काहीतरी लिहायची आणि मला परत उभा करायची. काय ऐट होती माझी त्या बाकावर.

धाकटीला मी आवडलो नाही. ती टेबलाशी बसून माझ्यानं एक ओळ लिहायची आणि मला ढकलून द्यायची. "पेन आहे का पहार?"

आता शहरात पेनांचं एक मोठं दुकान होतं. त्याच्या दर्शनी काचेच्या कपाटात छोट्या कारागिरांचा दरवर्षी एकच नवा पेन मांडायचे. तो निवडायची रीत फार कडक होती. दुकानदार आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना गोल टेबलाभोवती बसवायचा. पेन कुणाचा ते सांगायचा नाही. प्रत्येकानं प्रत्येक पेनानं पानभर लिहायचं आणि पेन डावीकडे द्यायचा. पान भरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. पेन करणाऱ्यांनी दाराजवळच्या बाकावर बसून ऐकायचं, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

थोरलीनं मला तिथं न्यायचं ठरवलं. निघतानाच धाकटी म्हणाली, "हा कपाटात गेला तर आपण पेन करू. नाही गेला तर पुन्हा पेनाचं नाव काढायचं नाही. बोल्ट आणि बुश. कबूल?"

"कबूल," थोरली म्हणाली. मला कुणीच विचारलं नाही.

टेबलावर माझ्याबरोबर आणखीही पेन होते. एक काळाकुळकुळीत, एक निळ्या मुलाम्याचा, एक तर इतका चकचकीत की त्यात दुकानदाराचं टक्कल दिसत होतं. सगळे सडपातळ, सगळे हलके. माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या लग्नात बूट घालून शिरलोय.

पण सुरुवात झकास झाली. जन्मभर नकाशे काढून निवृत्त झालेले एक आजोबा होते. त्यांनी माझ्या टोकाला नख लावून पाहिलं आणि हळूच मान डोलावली, कारण माझी रिफिल जराही खुळखुळली नाही. शेजारच्या वकीलबाईंनी मला उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. माझे आटे असे मऊ फिरत होते की त्यांना ते थांबवेचना. मी मनात म्हटलं, झालं काम.

मग लिहिणं सुरू झालं. पहिल्या ओळी छान गेल्या. शाई अडखळली नाही, कागदाला ओरखडा नाही. पण अर्ध्या पानाशी आजोबांची बोटं पांढरी पडली. वकीलबाईंनी मला खाली ठेवून मनगट झटकलं. माझं बूड मला मागे ओढत होतं. मी जीव तोडून पुढे वाकत होतो, खरंच सांगतो, पण बूड काही ऐकेना.

सगळ्यांची पानं झाल्यावर तोंडं उघडली.

"दिसायला देखणा," वकीलबाई म्हणाल्या, "पण चालवायला रेडा. आपण पुढे म्हणावं, तर हा मागे."

"वजनाचं मला वावडं नाही," आजोबा म्हणाले. "पण ते पुढे, बोटांत हवं. इथं सगळं शेपटात गेलंय. करणाऱ्यानं यानं पानभर लिहून बघितलंय का?"

दुकानदारानं बाकाकडे पाहिलं. थोरली उठून उभी राहिली. "पानभर? आमच्याकडे पानभर कोण लिहितं? चार शब्द लिहिले की काम सुरू."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. थोरली खाली बसली ती आपल्या हातांकडे बघत. हा विचार तिच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला. "मी तर यालाच पहिला नंबर दिलाय." त्या एका हॉस्पिटलातल्या नर्स होत्या, सगळे त्यांना सिस्टर म्हणत. आपलं पान त्यांनी तिथंच, तळहातावर पुठ्ठा धरून उभ्यानं लिहिलं होतं.

"तुम्ही टेबलावर नाही लिहिलंत, सिस्टर," दुकानदार म्हणाला.

"वॉर्डात मला टेबल कोण देतं? उभ्यानं लिहिलं की याचं बूड अंगठ्याच्या बेचक्यात टेकतं आणि हात हलत नाही. बसून लिहायला वाईट आहे, ते खरंच आहे."

"नियम टेबलाचा आहे."

"मग नियमाला जरा उभं करा की."

दुकानदार हसला, पण सिस्टरचं मत त्यानं धरलं नाही. तो बहिणींजवळ येऊन म्हणाला, "बूड आतून पोकळ करा. हलका झाला की घेऊन या. कपाटातली जागा तुमची."

मित्रांनो, त्या क्षणी थोरलीनं नाही म्हणावं म्हणून मी वाट बघत होतो. ती "बरं" म्हणाली. तिला तिचं काम काचेत दिसायला लागलं होतं, मी तिला काय दोष देऊ? पण मी रागावलो. पोकळ झालो तर मी बाकावर उभा राहणार नव्हतो. त्या सडपातळ मंडळींसारखाच आणखी एक झालो असतो, तोही त्यांच्याइतका चांगला नाही. मी पानभर लिहू शकत नाही हे मला मान्य आहे. पण जे मला येतं ते कोरून काढून, जे येत नाही ते मला शिकवणार, याला सुधारणा म्हणायचं?

वर्कशॉपमध्ये येताच थोरलीनं मला चकमध्ये उलटं आवळलं आणि ड्रिल लावलं. मशिन सुरू करायला तिनं हात पुढे केला.

"थांब," धाकटी म्हणाली. "मला दे तो जरा."

"आता कशाला? तुला तो जडच वाटायचा ना?"

"मी नेहमी बसून होते."

थोरलीनं मला सोडवलं. धाकटी मशिनशी उभी राहिली. तिनं तळहातावर कामाची चिठ्ठी धरली, आणि माझं बूड तिच्या अंगठ्याच्या बेचक्यात जाऊन टेकलं. मी काही जादू केली नाही. फक्त नीट बसलो. तिनं लिहिलं ते सगळ्यांच्या आधी मी वाचलं, कारण ते माझ्याच टोकातून उतरत होतं. 'ड्रिल करू नये.' त्या वर्कशॉपमध्ये चिठ्ठीवर आलं की ते झालंच म्हणायचं, मालकिणींनाही त्यातून सुटका नाही.

थोरलीनं चिठ्ठी वाचली. "आणि दुकान?"

"त्यांना मी सांगते."

"कपाटात गेला नाही, तर पेन बंद. तूच म्हणालीस."

"म्हणाले. पण तिथं काचेमागे उभा राहून हा कुणाची चिठ्ठी लिहिणार होता?" धाकटीनं पर्समधून एक कागद काढला. "हा सिस्टरचा नंबर. निघतानाच घेतला. त्यांच्या वॉर्डात सगळ्या उभ्यानंच लिहितात."

 थोरलीनं ड्रिल काढून खोक्यात टाकलं आणि नवी सळई शोधायला लागली.

त्यानंतर माझी कितीतरी भावंडं जन्मली. नर्सच्या खिशात गेली, ट्रकमधून उतरणारा माल मोजणाऱ्यांकडे गेली, फळीवर पाय देऊन माप लिहिणाऱ्या सुतारांकडे गेली. प्रत्येकाच्या अंगावर, बोट टेकतं तिथं, दोघी बहिणींची खूण कोरलेली आहे. लिहिताना ती हाताला लागतेच. काचेचं कपाट मात्र आम्ही कुणी पुन्हा पाहिलं नाही. दुकानदारानं त्या वर्षी निळ्या मुलाम्याचा घेतला. चांगला पेन आहे तो, त्याच्याशी माझं वैर नाही.

मी सगळ्यात थोरला, म्हणून बाकावरच राहिलो. मध्ये एकदा मशिनमागे पडलो. तिथं धुळीत इतका काळ पडून होतो की रिफिल वाळून गेली आणि आट्यांत कीस भरला. मला शोधलं कुणी? नाही. मशिन रंगवायला हलवलं तेव्हा सापडलो. तेही दिवस गेले. पितळ काळं पडलं, जाळी गुळगुळीत झाली, पण बूड तेवढंच जड आहे.

तर मित्रांनो, तुम्हाला निबंध लिहायचा असेल तर मला घेऊ नका. दुसरा घ्या, मला अजिबात राग येणार नाही. पण मला पोकळ करून निबंधाला जुंपू नका. माझी रिफिल वाळायच्या आत बदला. आट्यांत कचरा जाऊ देऊ नका. आणि अंगावरचा काळेपणा घासून काढायला जाऊ नका, तो माझ्या कमाईचा आहे. तुम्ही एवढं करा, बाकी माझं मी बघतो.